आठव्यातले दोन दिवस

सिस्टरनं नाडी मोजली, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि मनगट न सोडता पुन्हा मोजायला लागली. पहिल्या वेळी तिनं पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं होतं. आता ती पूर्ण मिनिट घेत होती. राणीला हे लगेच कळलं, कारण ती स्वतःही असंच करायची. फलटणच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्याचा आकडा भलताच आला की ती तो लिहायची नाही, नमुना पुन्हा लावायची. दुसऱ्यांदा मोजणं म्हणजे पहिला आकडा पटलेला नाही. "एकशे अठ्ठावीस," सिस्टर स्वतःशीच म्हणाली, आणि पोटावर यंत्र टेकवून बाळाचे ठोके ऐकायला वाकली. फरशीवरून घोडं पळावं तसा आवाज खोलीभर झाला. एकशे सत्तर. एकशे बाहत्तर. "घाबरलायत का तुम्ही?" सिस्टरनं विचारलं. "नाही," राणी म्हणाली. "घरून निघताना काही गोळी, काढा, इंजेक्शन? काही घेतलंय?" "नाही," राणी म्हणाली.

दोन्ही 'नाही' एकाच आवाजात गेले. त्यातला पहिला नेहमीचा होता, माणसं देतात तसा. दुसरा तोंडातून बाहेर पडल्यावर तिला जाणवलं, की तो आपण विचार करून दिलेला नाही. तो कुठून तरी जुन्या जागेवरून आला, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो तसा. दाराशी आई उभी होती. हरणाबाई. चपला बाहेर काढून, कासोटा घट्ट खोचून, पिशवी पोटाशी धरून. सिस्टरनं औषधाचं विचारलं तेव्हा आईनं सिस्टरकडं पाहिलंच नव्हतं. तिनं राणीकडं पाहिलं होतं. हे तर नेहमीचंच. राणीला वाचता यायला लागल्यापासून जगातला कुठलाही प्रश्न आईपर्यंत पोचायच्या आधी राणीपाशी थांबायचा. रेशनच्या दुकानात, बँकेत, एसटीच्या खिडकीशी, तलाठ्यापुढं. नाव काय, वय किती, कुठले, का आलात. आई मागं उभी राहायची आणि राणी बोलायची. आठ वर्षांची, दहा वर्षांची, दोन वेण्यांची राणी. "ही बोलती आमची," असं आई लोकांना सांगायची, कौतुकानं, जणू पोरगी म्हणजे घरात घेतलेली एखादी नवी सोय आहे.

गोळ्या सहा होत्या. सकाळी दुधाची गाडी गेली तेव्हा पलूसच्या घरी राणीचं पोट पहिल्यांदा दगडासारखं झालं आणि सुटलं. मग परत झालं. ती मोरीच्या कडेला धरून उभी राहिली आणि मनात मोजायला लागली, बत्तीस आठवडे चार दिवस, बत्तीस आठवडे चार दिवस, जणू तो आकडा म्हटला की पोट ऐकेल. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती खरं तर सातव्यातच यायची होती. पण डेअरीत तपासणीला माणसं येणार होती, नवरा, मल्हार, म्हणाला, आठ दिवसांनी सोडतो, मग आणखी आठ दिवस गेले, आणि परवा आठव्यात ती दहिवडी, मायणी, विटा असा रस्ता खात पलूसला पोचली. मल्हार तिला सोडून कामावर परत गेला. आईनं तिला दारात बघितलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि ती एवढंच म्हणाली, "आठव्यात कोण हलवतं गं बाईला?" आणि आज सकाळी मोरीपाशी येऊन आईनं तिच्या पोटावर हात ठेवला तेव्हा तिचा चेहरा एकदम लहान झाला. ती आत गेली. मेंढरांच्या औषधांचा पत्र्याचा डबा असतो, त्यात जंताचं औषध, खुरांना लावायचं निळं औषध, हळकुंडं, कातर. त्याच डब्यात वहिनीच्या गेल्या वर्षीच्या बाळंतपणातली अर्धी राहिलेली गोळ्यांची पट्टी होती. पोट सैल करायची गोळी. आईनं ती टाकली नव्हती. औषध टाकायचं नसतं, मेंढी कधी अडेल सांगता येत नाही. "धर. दोन घे. बारकी हाय गोळी." थोड्या वेळानं आणखी दोन. दादानं, म्हणजे जयराजनं, पिकअप दाराशी लावली तेव्हा आणखी दोन. "वहिनीला एकेक दिली होती, आयं." "ती वाळकी. तू अंगानं हाईस." आई मेंढरांना औषध तसंच द्यायची. नजरेनं वजन करून, घासभर जास्तच, कमी नाही.

आणि राणीनं घेतल्या. दशांशानंतर चार आकड्यांपर्यंत वजन करणारी राणी, आयसॉक्सुप्रिन हे नाव पट्टीच्या पाठीवर स्वच्छ वाचूनही. ती कशी काम करते हेही तिला माहीत होतं. गर्भाशयाच्या स्नायूवर एक कुलूप असतं, त्याची ही किल्ली; फिरवली की स्नायू सैल पडतो. पण तसलंच, थोडंसं वेगळं कुलूप हृदयावरही असतं, आणि किल्ली तिथंही अर्धीमुर्धी फिरते. मग हृदय पळतं, आईचं आणि नाळेतून पलीकडं बाळाचंही. हे सगळं तिला पाठ होतं, आणि तरी तिनं ओंजळ पुढं केली, कारण हात आईचा होता. त्या हातानं दिलेलं पुन्हा मोजायचं नसतं. कोल्हापूरला कॉलेजच्या दोन वर्षांत, फलटणला नोकरीच्या तीन वर्षांत ती जे जे शिकली ते सगळं मोरीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहिलं आणि आत एक ताप आलेली पोर तोंड उघडून उभी होती, आईच्या हातच्या कडुलिंबाच्या काढ्यासाठी.

डॉक्टर आल्या. सगळे त्यांना आयेशा मॅडम म्हणत होते. पन्नाशीच्या, डोक्यावरून ओढणी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी तपासलं, कागद वाचला, ठोके स्वतः ऐकले. बाळाच्या फुप्फुसांसाठीचं इंजेक्शन सिस्टरनं आल्याबरोबर दिलंच होतं. "पोट दुखतं का, असं दाबलं की? पाणी गेलंय का? थंडी वाजली?" नाही, नाही, नाही. हे तिन्ही खरे होते. मॅडम स्टूल ओढून बसल्या. "तुम्ही सायन्सच्या आहात ना? मग सरळ सांगते. कळा लवकर सुरू झाल्यात, पण गर्भपिशवीचं तोंड अजून फारसं उघडलेलं नाही. एरवी मी गोळी देऊन दोन दिवस कळा रोखून धरल्या असत्या. तेवढ्यात इंजेक्शनचा गुण येतो, बाळाची फुप्फुसं तयार होतात. पण तुमची नाडी पळतेय, बाळाचे ठोके पळतायत, पांढऱ्या पेशी थोड्या वर आहेत. ताप नाही, पण आत जंतू शिरले असतील तर सुरुवात अशीच होते. तसं असेल तर कळा धरायच्या नसतात. मग बाळ आत ठेवणं धोक्याचं. आजच बाहेर घ्यावं लागेल." त्या उठल्या. "पुढचा रिपोर्ट येईपर्यंत तासभर बघू. मग ठरवते."

म्हणजे तिच्या एका 'नाही'मुळं हिशेब उलटा होत होता. जंतू नव्हते, गोळ्या होत्या. मॅडम तीन आकड्यांवरून चौथं काहीतरी ओळखू बघत होत्या आणि त्यांना दिलेला नमुनाच भेसळीचा होता. राणीनं तोंड उघडलं. मॅडम दारापर्यंत गेल्या होत्या, आणि तिथं आई उभी होती, भिंतीला चिकटून वाट देत, मान खाली घालून. ती मान राणीला माहीत होती. ती तिनं एकदाच पाहिली होती, कडेगावला, आणि ती पुन्हा बघायची नाही हे तिनं तेव्हा, नवव्या वर्षी, कुणालाही न सांगता ठरवलं होतं.

तेव्हा पलूसचं घर नव्हतं, त्यांचा वाडा कडेगावच्या शिवारात बसला होता. वाडा म्हणजे भिंती नव्हेत. सात-आठ बिऱ्हाडं, चारशे मेंढरं, चार घोडी, कुत्री, कोंबड्या, आणि घोड्याच्या पाठीवर बांधलेली पोरं. दिवाळी झाली की आटपाडीकडचं रान करपायचं आणि वाडा कृष्णेच्या अंगाला निघायचा. उसाच्या गावांत शेतकरी मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. आज एका रानात, परवा दुसऱ्या. राणीला ते दिवस आठवायचे ते वासांवरून. सकाळच्या दहिवरात भिजलेल्या लोकरीचा वास, तुटलेल्या उसाच्या बुडख्यांचा आंबूस गोड वास, घोंगडीला लागलेला धूर. प्रयोगशाळेत कधी दूध फाटलं की त्या आंबूसपणात तिला क्षणभर अख्खा वाडा दिसायचा: जाळीच्या कुंपणात दाटीनं बसलेली मेंढरं, त्यांच्या अंगावरून निघणारी वाफ, वडील ज्योतिबा काठीवर हनुवटी टेकून उभे, आणि आई कुठल्यातरी मेंढीच्या मागं गुडघ्यावर बसलेली. आईला मेंढी व्यायची ते आधी कळायचं. ती मेंढीच्या कुशीला हात लावून सांगायची, ही सांजच्याला, ही परवा, आणि ही येडी, दिवस भरायच्या आधीच टाकणार. अवेळी पडलेलं कोकरू आई पदराच्या आत उराशी बांधायची आणि भाकरी थापायची. त्याच्या नाकात फुंकायची. कधी ते मान उचलायचं. कधी नुसतं तोंड उघडून मिटायचं, उघडून मिटायचं, जणू हवा आहे पण ती आत घ्यायची कशी हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. "फोपसं चिकटल्यात," आई म्हणायची, आणि ते खाली ठेवायची.

त्या वर्षी आई स्वतः पोटुशी होती. आठवा महिना. वाडा हलवायच्या दिवशी ती जाळी गुंडाळता गुंडाळता खाली बसली. बैलगाडीतून तिला दवाखान्यात नेलं, राणी बरोबर होती, प्रश्नांसाठी. भाऊ झाला. तो चार तास होता. चार तास तो तोंड उघडून मिटत होता. तिथला डॉक्टर कोण होता, त्याचं नाव काय, राणीला आठवत नव्हतं. आठवत होता तो त्याचा पेनाच्या शाईनं लाल झालेला खिसा. व्हरांड्यात पंधरा-वीस माणसं बसलेली, आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. "काय खायला घातलंस? कुणाचा पाला चघळलास? मेंढरांसारखं रानात बाळंत व्हायचं आणि मेल्यावर इथं यायचं. तुम्हा लोकांना माणसाच्या दवाखान्याची गरजच काय?" आईनं काहीही घेतलेलं नव्हतं. काहीही नाही. राणी ते सांगायला उभी राहिली होती, तिचंच काम ते, आणि तिचा आवाज आलाच नाही. आयुष्यात एकदाच आला नाही. आई मान खाली घालून उभी होती, ओल्या छातीवर पदर ओढून. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "आठव्याचं न्हाईच जगत. सातव्याचं जगतं, नवव्याचं जगतं. आठव्याचं न्हाई." तेवढं वाक्य तिनं हातात घट्ट धरलं, कारण त्यात कुणाची चूक नव्हती.

खोटं होतं ते वाक्य, राणीला पुढं कळलं. सातव्यापेक्षा आठव्याचं जास्त जगतं, दर दिवसागणिक जास्त. आठवा आणि नववा यांच्या मधे भिंत नाही, चढण आहे. कोल्हापूरला वाचनालयात बसून तिनं आणखीही एक वाचलं आणि ती खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभी राहिली होती. पन्नासेक वर्षांपूर्वी न्यूझीलंडमधला एक डॉक्टर गाभण मेंढ्यांवर प्रयोग करत होता. कळा कशानं सुरू होतात ते त्याला बघायचं होतं, म्हणून तो एक औषध टोचत होता. एक कोकरू फार आधी पडलं, मरायलाच हवं होतं. आणि तो बघतो तर ते श्वास घेतंय. फुप्फुसं चिकटलेली नव्हती. तेच औषध आज बायकांना देतात. आणि कळा थांबवायच्या गोळ्यांचं खरं काम एवढंच, की त्या इंजेक्शनला दोन दिवस मिळवून द्यायचे. तिनं त्याच दिवशी आईला फोन केला होता. "आयं, मेंढरांवरनं शोध लागला गं, कोकरासारखा. आपल्याच मेंढरांसारखी मेंढरं." पलीकडं कुत्रं भुंकत होतं. मग आई म्हणाली, "मंग आमाला का सांगितलं न्हाई कुणी?" त्या आठवणीत दरवेळी तिला तो प्रश्न नव्हे, तर त्यातलं 'आमाला' ऐकू यायचं.

पोट पुन्हा आवळलं. ती पलंगाची कड धरून राहिली. हृदय कानात वाजत होतं. आणि आत ते दुसरं हृदय, अजून कुणाचंच नसलेलं, तिच्या खोटेपणानं पळत होतं. आया भामाबाई चादर बदलायला आली होती. ती हरणाबाईला म्हणाली, "आवं बाई, बसा की जरा टेकून. सकाळधरनं खांबावानी उभ्या. तिकडं मेंढरं कोण बघतंय?" "नवरा हाय की," आई म्हणाली. "मेंढरांना व्हय?" भामाबाई हसली. "मेंढरांना एक हाय, माझ्या वाट्याला न्हाई आला कवा," आई म्हणाली. दोघी हसल्या. आई तोंडाला पदर लावून, दवाखान्यात हसू नये तसं हसली. राणीला वाटलं, आईला आता इथनं बाहेर पाठवावं. चहाला पाठवावं. मग मॅडमना बोलवावं आणि सांगावं, गोळ्या मी घेतल्या, माझ्या मनानं, माझ्या हातानं. शिकलेली बाई अशी चूक करते. तिला लोक हसतील, आणि ते तिला चालेल. म्हणजे डॉक्टरला खरं मिळेल आणि आईची मान वर राहील. ही योजना तिला फार नीट वाटली. "आयं, तू जरा च्या पिऊन ये. दादा खाली हाय." आईनं तिच्याकडं पाहिलं. मग पिशवी घेऊन ती गेली.

मॅडम आल्या तेव्हा राणी एका दमात बोलली. "मॅडम, मी खोटं सांगितलं. मी सकाळी गोळ्या घेतल्या होत्या. आयसॉक्सुप्रिन, दहा मिलिग्रॅमच्या. वहिनीच्या राहिलेल्या होत्या. माझ्याच मनानं घेतल्या." मॅडमनी चष्मा काढला. "किती?" "सहा." "केव्हा केव्हा?" आणि इथं राणी अडली. पहिल्या दोन सकाळी. मग मधे दोन. किती वाजता? कळांच्या धांदलीत तिनं घड्याळ पाहिलंच नव्हतं. ती, जिच्या वहीत प्रत्येक नमुन्यापुढं मिनिट लिहिलेलं असे. "साधारण..." ती म्हणाली, आणि दारातून आवाज आला.

"साधारण न्हाई. म्या दिल्या त्या." आई आत आली होती. चहाला गेलीच नव्हती. मान वर होती. "हिनं न्हाई घेतल्या, बाई. म्या दिल्या. दुधाची गाडी जाती सव्वासाला, तवा दोन. मंग शाळंची पोरं चालली, तवा दोन. आन गाडीत बसताना दोन, साडेनऊचं इमान गेलं नव्हतं अजून." "विमान?" मॅडम म्हणाल्या. "आमच्या डोक्यावरनं जातं की रोज." तिनं श्वास घेतला. "पह्यल्या गोळीआधी पोट धरत हुतं, शेळीचं दूध उतू जावं एवढ्या येळानं. पह्यल्या दोन घेतल्यावर लांबलं. दुसऱ्या दोन घेतल्यावर हिच्या गळ्याची शीर उडाय लागली, ती म्या बघितली. तवा थांबाय पायजे हुतं. तिसऱ्या दोन द्यायच्या नव्हत्या. पर नववा लागायला आठ दिस हायत, बाई. आठव्याचं जगत न्हाई. माझं न्हाई जगलं." आणि मग तिनं वाट पाहिली. राणीनंही पाहिली, तिच्या अंगातला प्रत्येक स्नायू त्या लाल खिशाच्या आवाजाची वाट बघत होता.

मॅडम कागदावर लिहीत होत्या. सव्वासहा, दोन. "शाळेची पोरं म्हणजे आठ?" "आठाला पाच-धा मिनिटं कमी." लिहिलं. "गळ्याची शीर उडायला लागली, हे दुसऱ्या दोनांनंतर किती वेळानं?" "धा-बारा भाकरी भाजून झाल्या आसतील." मॅडमनी वर पाहिलं. "मावशी, हे तुम्ही आल्या आल्या का नाही सांगितलं?" "मला कुणी इचारलंच न्हाई," आई म्हणाली. "हिला इचारलं." सिस्टर खिडकीकडं बघायला लागली. मग मॅडम म्हणाल्या, आवाज न चढवता, "गोळ्या द्यायला नको होत्या. एक वेळ कळा थांबल्या नसत्या तर चाललं असतं. हृदयावर ताण आला असता, फुप्फुसात पाणी झालं असतं, तर पोरगी गेली असती. पुढं कुणाच्या घरी अशी पट्टी राहिली तर ती इथं आणून द्यायची. पण तुम्ही जे बघितलंय ते मला आमच्या शिकाऊ डॉक्टरांकडूनसुद्धा इतकं नीट मिळत नाही." त्यांनी केसपेपर सिस्टरकडं दिला. राणीला तो उलटा दिसत होता, पण उलटं वाचायची तिला सवय होती. वरच्या ओळीत, माहिती सांगणाऱ्याच्या रकान्यात, तिचं स्वतःचं नाव खोडून लिहिलं होतं: आई, हरणाबाई. माहिती भरवशाची.

मग काही न देता वाट बघणं. सलाईन, डाव्या कुशीवर झोप, दर पंधरा मिनिटांनी नाडी. एकशे वीस, एकशे चौदा, एकशे चार. जंतूंचा रिपोर्ट स्वच्छ आला. तीनच्या सुमारास नाडी ब्याण्णव झाली, बाळाचे ठोके एकशे चव्वेचाळीस, आणि तेव्हा मॅडमनी दुसरी गोळी सुरू केली, रक्तदाब बघत बघत. निफेडिपिन. खरं तर ब्लडप्रेशरची गोळी. राणीला त्याचीही गंमत वाटली. कळा धरायला म्हणून असं खास औषध जवळजवळ नाहीच. सगळी दुसऱ्या कुठल्या कामाची, इथं उसनी आणलेली. एक हृदय पळवतं, एक रक्तदाब उतरवतं, एक असं की उशिरा दिलं तर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतरच मिटायची वाट आधीच मिटवतं. थोडं धरायचं, जास्त धरायचं नाही. "दोन दिवस," मॅडम म्हणाल्या. आई लगेच, "दोनच? आठ द्या की, बाई. नववा लागू द्या." "दोन दिवसांपुढं ही गोळी बाळासाठी काही करते असं दिसत नाही, मावशी. तुमच्या पोरीला त्रास मात्र करते." आईनं राणीकडं पाहिलं, खरं का म्हणून. आणि राणीला, जिला चढण आणि भिंत यातला फरक माहीत होता, स्वतःलाच आठ दिवस हवे होते. तिनं मनात बोटं मोजली होती. "खरं हाय, आयं," ती म्हणाली.

ते दोन दिवस तिला पुढं फार दिवस आठवणार होते, हे तिला तेव्हाच कळत होतं, जसं वाडा हलायच्या आदल्या सांजेला पोरांना कळायचं की हे रान आता दिसायचं नाही. मल्हार आला, पायाशी बसला, आठव्यात आणल्याबद्दल सासूची बोलणी खाऊन गप्प राहिला. दादा भाकरी आणायचा. आणि आई बोलायला लागली. राणीला आठवेना, आई तिच्याशी अशी शेवटची कधी बोलली होती. नेहमी राणीच सांगायची आणि आई 'व्हय' म्हणायची. आता आई सांगत होती: तू झालीस ती पलूसच्या शिवारात, उसाची तोड चालली होती, तुझ्या बापानं भीतीनं घोडं उलटं बांधलं. तुला पहिली आंघोळ घातली ती शेतकऱ्याच्या मोटारीच्या पाण्यानं, लय गार, तू निळी झालीस, मग मी तुला दोन कोकरांच्या मधी ठेवली. "दोन कोकरांच्या मधी?" "मंग. ऊब कुठनं आणायची? तवापास्नं तुला मेंढरांचा वास लागलाय, कितीबी साबण लाव." भामाबाई दारातून म्हणाली, "म्हणूनच सारखी में में करतीया व्हय." राणी हसली आणि हसताना पोट आवळलं का बघायला थांबली. नाही आवळलं. गोळीनं डोकं दुखत होतं, गाल तापले होते. त्या तापल्या गालांनी ती डोळे मिटून पडायची, आणि आईचा आवाज जाळीच्या कुंपणाभोवती फिरल्यासारखा फिरत राहायचा. दुसरं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी झालं. तेव्हा आईनं सुईकडं टक लावून पाहिलं. "ह्येच का ते? कोकराचं?" "ह्येच." आईनं हात जोडले नाहीत, काही नाही. नुसती मान हलवली, एखाद्या उशिरा आलेल्या पाहुण्याला ये म्हणावं तशी.

तिसऱ्या दिवशी तीन वाजता सिस्टरनं गोळी आणली नाही. चार वाजता पोट आवळलं, सुटलं, आणि परत आवळलं. आई उठून उभी राहिली. "गोळी सांग की, राणे." "आता न्हाई, आयं." "मंग आता कशानं धरायचं?" "आता धरायचं न्हाई." मग आईनं पदर खोचला आणि म्हणाली, "बरं. मंग येऊ दे."

साडेसहाला, उजेड असतानाच, मुलगी झाली. सतराशे चाळीस ग्रॅम. राणीला आधी काहीच ऐकू आलं नाही, आणि त्या काहीच-नाहीमध्ये ती पुन्हा नऊ वर्षांची होऊन व्हरांड्यात उभी राहिली. मग एक बारीक, चिडका, ओला आवाज आला, थांबला, आणि जास्त चिडून आला. सिस्टरनं बाळ क्षणभर तिच्या गालाला लावलं आणि काचेच्या उबदार पेटीकडं पळवलं. थोड्या वेळानं बाळांच्या विभागातला शिकाऊ डॉक्टर आला, हातात फळीला लावलेला लांबलचक फॉर्म. श्वास ठीक आहे, म्हणाला, नळीनं थोडा प्राणवायू लावलाय, दोन दिवसांत काढू. मग त्यानं पेन उघडलं. किती महिने, कळा कधीपासून, घरी काय दिलं, इथं काय दिलं, आधीच्या पिढीत असं कुणाचं झालंय का. तो राणीच्या डोक्याशी वाकून उभा होता. राणीच्या तोंडात उत्तरं होती, नेहमीसारखी, ओळीनं. तिनं ती तिथंच राहू दिली.

"आईला विचारा," ती म्हणाली.

त्यानं वळून पाहिलं. हरणाबाईनं आधी मागं पाहिलं, मागं आणखी कुणी उभं आहे का म्हणून. कुणी नव्हतं. मग ती पुढं आली, भामाबाईनं सरकवलेल्या स्टुलावर बसली, आणि पदराचं टोक दोन्ही हातांत धरलं.

"लिवा," ती म्हणाली. "आठव्यातली हाय. आन जगलीया. ह्ये पह्यलं लिवा, मंग बाकीचं सांगते."